आमच्या इमारतीचं पाणी, अण्णांचं शेत

राजाजीनगरमधल्या एका लहानशा खाजगी प्रयोगशाळेत मी पाणी तपासते. बोअरचं, टँकरचं, हॉटेलांचं, कारखान्यांचं. लोक बाटल्या आणून देतात, मी त्यांवर नंबर घालते, तपासते आणि अहवालाखाली सही करते. माझं माहेर निपाणीकडचं. घरात मराठी, शाळेत कन्नड. लग्नानंतर बेंगळुरूला आले, आणि के. आर. पुरमच्या पलीकडे, जिथे अजून इमारतींच्या मधूनच एखादं शेत दिसतं, तिथल्या एका मोठ्या अपार्टमेंटमध्ये आम्ही घर घेतलं. सकाळी मेट्रो धरायची, मॅजेस्टिकला बदलायची, संध्याकाळी तशीच परत. मुलगी तेव्हा दुसरीत होती.

तिथे पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये मी मुलीवर मराठीत रागावत होते. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी मान वळवून विचारलं, "निपाणी का संकेश्वर?" मी चकित झाले. "'लवकर आटप की' म्हणालीस ना, त्यावरून," त्या हसल्या. "मी बेळगावची. पाचव्या मजल्यावर. चहाला ये."

त्या म्हणजे ताई. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठ्या, बँकेतली नोकरी सोडून घरी बसलेल्या. पण बसणं त्यांना ठाऊक नव्हतं. नवऱ्याचं काम परदेशात लागलं आणि मी वर्षभर एकटी राहिले, तेव्हा शाळेतून आलेल्या माझ्या मुलीला त्यांनी रोज सात वाजेपर्यंत सांभाळलं. तिला त्यांच्याकडे भाकरी मिळायची, अभ्यास व्हायचा. मुलगी त्यांना मावशी म्हणायची. मला सख्खी बहीण नाही. त्या वर्षात मी ते विसरले.

पुढे ताई रहिवाशांच्या असोसिएशनच्या सेक्रेटरी झाल्या आणि पाण्याची सगळी कटकट त्यांच्या डोक्यावर आली. आमच्याकडे दोन कटकटी होत्या. एक, प्यायला-वापरायला पाणी पुरत नाही. दुसरी, वापरून झालेलं पाणी जात नाही. तळघरात सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट होता. न्हाणीघर, स्वयंपाकघर, संडास, सगळं तिथे जायचं. मोठे ब्लोअर त्यात हवा सोडायचे, गाळ खाली बसायचा, आणि वरचं पाणी गाळून फ्लशला आणि बागेला वापरायचे. तरीही खूप उरायचं. ते गुपचूप नाल्यात सोडायला बंदी होती.

आमच्या मागच्या भिंतीला लागून अण्णांचं शेत होतं. हे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, पण घरात मराठी बोलणारं. ती मराठी ऐकून मला आधी हसू यायचं. निम्मे शब्द कन्नड, हेल तिसराच. अण्णा पासष्टीचे असतील. त्यांची बायको अक्का आणि ते, दोघंच शेत करायचे. पालक, मेथी, कोथिंबीर, आणि दंटू म्हणजे आपला माठ. पहाटेच्या बसनं गाठोडी शिवाजीनगरच्या बाजारात जायची. त्यांचा बोअर आटत चालला होता. आसपासच्या शेतकऱ्यांनी नाल्यात पंप टाकले होते. फेसाळ, काळं पाणी खेचून भाजीला लावायचे. अण्णांनी ते कधी केलं नाही. अर्धं शेत पडीक ठेवलं, पण नाल्याला हात लावला नाही.

"आपलं उरलेलं पाणी त्यांना देऊ," ताई एक दिवस म्हणाल्या. "त्यांचं शेत जगेल, आपली अडचण जाईल. पण तो म्हातारा माझं ऐकत नाही. तू चल. तू पाणी तपासतेस, आणि मराठी बोलतेस. तुझं ऐकेल."

मला कल्पना आवडली. आजही ती वाईट होती असं मी म्हणत नाही. मी स्वतः तळघरात उतरले, हातमोजे घालून नळातून नमुना घेतला, आणि शेतीच्या पाण्याला ज्या ज्या चाचण्या लावायच्या त्या सगळ्या लावल्या. पाणी चांगलं निघालं. पिण्याजोगं नव्हे, पण शेताला चालण्यासारखं.

अहवाल घेऊन आम्ही दोघी बांधावर गेलो. अण्णांनी कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

"हे तू बघितलंस?" त्यांनी मला विचारलं. "तुझ्या हातानं?"

"माझ्या हातानं, अण्णा."

"संडासचं पाणी न्हवं का ते?"

"होतं. आता तसं नाही. प्लांटमधून स्वच्छ होऊन येतं. पण कोथिंबीर, मेथी कच्ची खातात, तेव्हा वरून पाणी मारू नका, सरीतून सोडा. आणि मी दर महिन्याला तपासत जाईन. बिघडलं तर मीच येऊन सांगेन."

अक्का झाडाखाली जुड्या बांधत होत्या, त्या म्हणाल्या, "आपल्या भाषेत सांगतीय की. खोटं कशाला सांगंल?"

अण्णा म्हणाले, "सरी तंगी. तुझ्यावर घेतो." सरी म्हणजे बरं, तंगी म्हणजे धाकटी बहीण. पाणी घेतो असं ते म्हणाले नाहीत. तुझ्यावर घेतो म्हणाले.

भिंतीतून पाइप गेला. दोन महिन्यांत पडीक अर्धं शेत हिरवं झालं. ताईंनी रविवारी आमच्या फाटकाशी अण्णा-अक्कांना टेबल टाकून दिलं. वर पाटी: आपल्याच पाण्यावरची ताजी भाजी. लोक मुलांना घेऊन यायचे, फोटो काढायचे. ताई सगळ्यांसमोर चार-पाच जुड्या उचलायच्या आणि लिफ्टपाशी आलं की त्यातल्या निम्म्या माझ्या पिशवीत घालायच्या. "तुझी लेक कच्ची मेथी आवडीनं खाते. आमच्याकडे दोन माणसं, किती खाणार?"

आमच्याकडे भाकरीबरोबर कच्ची मेथी, कच्ची कांद्याची पात खायची पद्धत आहे. मुलगी ताईंच्याच घरी ते शिकली होती.

पहिले तीन महिने नमुना मी स्वतः घेतला. चौथ्या महिन्यात ताई म्हणाल्या, "दमून येतेस, आणि परत त्या वासात उतरतेस कशाला? ऑपरेटर बाटली भरून ठेवेल, मी सकाळी तुझ्या दाराशी पाठवते." मला बरंच वाटलं. बाटली दाराशी यायची, मी पर्समध्ये टाकायची, राजाजीनगरला न्यायची. अहवालावर एक बारीक ओळ आमच्याकडे छापलेलीच असते: नमुना ग्राहकाने आणून दिलेला आहे, निष्कर्ष केवळ या नमुन्यापुरते आहेत. ती ओळ मी इतक्या वेळा पाहिली होती की मला ती दिसतच नव्हती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बोअरचं पाणी फार जड झालं. नळांवर पांढरे थर, केस गळतात, गीझर जळतात अशा तक्रारी. असोसिएशननं पाणी मऊ करणारी यंत्रं बसवायचं ठरवलं. हात वर करणाऱ्यांत मीही होते. त्या यंत्रांना मीठ लागतं. पोत्यांनी मीठ यायला लागलं. ते यंत्र धुतलं की खारट पाणी जायचं कुठे, तर त्याच प्लांटमध्ये. आणि असा प्लांट घाण काढतो, मीठ काढत नाही. हे मला ठाऊक होतं. शिकलेलं होतं. तरी दर महिन्याला माझ्याच हाताखालून जवळजवळ तेच आकडे जात राहिले, आणि मी मनात म्हणायचे, काय सुंदर चाललाय आपला प्लांट.

अण्णांचा पहिला फोन पावसाळ्यानंतर आला. "पानाची कड जळतीय तंगी. स्वल्प येऊन बघ."

मी म्हणाले, "खत जास्त झालं असेल अण्णा."

दुसरा फोन महिन्याभरानं. पाणी जमिनीत मुरत नाही, वर उभं राहतं, वाळलं की माती फरशीसारखी होते. मी म्हणाले, "या महिन्याचाही अहवाल चांगलाय. नांगरट खोल करून बघा." रविवारची भाजी ते आता ताईंच्या टेबलावर ठेवून लगेच शेतात परतायचे. एकदा मला भेटायला फाटकाशी आले होते, पण वॉचमननं आत सोडलं नाही, हे मला नंतर कळलं. त्यांनी माझ्यापर्यंत पोचायचा जेवढा प्रयत्न केला, तेवढा मी त्यांच्यापर्यंत पोचायचा केला नाही. आमच्या दोघांत एक भिंत होती, चालत पाच मिनिटांची.

तिसरा फोन अक्कांबद्दल होता. त्यांच्या पायांना पोटऱ्यांपर्यंत फोड आले होते, ते चिघळले, ताप चढला, आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टरांनी विचारलं होतं, कसल्या पाण्यात उभ्या असता? अण्णांनी मला तेच विचारलं. "डॉक्टर विचारतोय, पाणी कसलं. मी काय सांगू?"

त्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि शेतात गेले.

इथली तांबडी माती. तिच्यावर पांढुरकी साय धरली होती. चपलेच्या टाचेनं टोकरलं तर कडक खपली निघाली. आमच्याकडे नदीकाठच्या उसाच्या रानांत अशी जमीन मी लहानपणापासून पाहिलेली. चोपण म्हणतात. अण्णा म्हणाले, "चौळु." दोन्ही शब्दांचा अर्थ एकच: मिठानं मेलेली जमीन.

पाइपच्या तोंडाशी गेले. पाणी करडं होतं, त्यावर साबणाचा फेस, आणि वास असा की नाकाला पदर लावावा लागला. मी अण्णांकडे पाहिलं. "असं केव्हापासून आहे?"

"सकाळी असंच येतंय. दुपारी स्वल्प बरं. मला वाटलं तुझ्या कागदात चालत असंल."

मी स्वतः दोन बाटल्या भरल्या. झाकणावर तारीख, वेळ लिहिली. मेट्रोत ती पिशवी मांडीवर धरून बसले.

प्रयोगशाळेत सोडियम मोजायचं एक यंत्र आहे. निळ्या ज्योतीत पाण्याचा बारीक फवारा जातो; मीठ असेल तितकी ज्योत पिवळी होते. अण्णांचं पाणी घातलं आणि ज्योत झेंडूसारखी पिवळी झाली. मी नळी धुतली, डिस्टिल्ड पाणी घातलं, ज्योत निळी. पुन्हा अण्णांचं, पुन्हा झेंडू. जंतूंच्या नळ्या दुसऱ्या दिवशी उघडल्या. मैल्यातले जंतू असले की त्यांत बुडबुडे धरतात; एकही नळी बुडबुड्यांवाचून नव्हती. ज्या पाण्यात कोथिंबीर वाढत होती त्यात आमच्या संडासाचं जवळजवळ सगळं होतं.

मग मी जुने अहवाल काढून टेबलावर पसरले. माझ्या सह्या एकाखाली एक. प्लांटचं पाणी सणाला बदलतं, सुट्टीत बदलतं, उन्हाळ्यात घट्ट होतं. यातलं बदलत नव्हतं. मिठाची पोती आली त्याआधीचा आकडा आणि नंतरचा आकडा एकच. कुठल्याही ट्रेनी मुलीनं माझ्यापुढे असे कागद ठेवले असते तर मी विचारलं असतं, हे पाणी नक्की कुठलं? पण या बाटल्या ताईंकडून आल्या होत्या.

प्लांटचा ऑपरेटर कलबुर्गीकडचा, पन्नाशीचा माणूस होता. मी तळघरात उतरले तेव्हा तो डबा खात होता आणि ब्लोअर बंद होते. मला पाहून त्यानं डबा झाकला. मी काही विचारायच्या आधीच कन्नडमध्ये म्हणाला, "मॅडम, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"बाटली. सगळं टँकरचं, वर वासापुरतं झाकणभर आपलं, दुपारचं. नुसतं टँकरचं भरलं तर वास येत नाही, संशय येतो. सेक्रेटरी मॅडमनी तसं सांगितलंय. बाटली तुमच्याच घरी जाते, म्हणून मला वाटलं..."

एक ब्लोअर वर्षापूर्वीच जळाला होता. दुसरा फक्त दुपारी लावायचे, विजेसाठी. बाकी वेळ पाणी तसंच पुढे जायचं, पाइपात, शेतात.

मी पाचव्या मजल्यावर गेले. ताई स्वयंपाकघरात होत्या. नेहमीसारखं म्हणाल्या, "बस, चहा टाकते."

"ताई, बाटलीत कुठलं पाणी असायचं?"

कुठली बाटली, असं त्यांनी विचारलं नाही. गॅस बंद केला. "कोण बोललं? ऑपरेटर?"

"तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू सही केली असतीस?"

मी खांद्यावरची पर्स खाली ठेवली.

"बघ, ब्लोअर मोडला तेव्हा मी कमिटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं. कुणाला खर्च नको होता. टँकर वेळेवर आला नाही की रात्रंदिवस शिव्या मला. पाणी नाल्यात सोडलं तर नोटीस माझ्या नावावर. मी कुठे सोडायचं ते? गच्चीवर पाच लाख लिटर साठवू? त्याला तरी फुकट पाणी मिळत होतं. सगळे शेतकरी नाल्याचं घेतातच ना? त्यापेक्षा आपलं बरंच."

"त्यांनी नाल्याचं कधीच घेतलं नव्हतं, ताई. म्हणून तर आपण गेलो होतो."

"भाजी लोक शिजवून खातात. उकळल्यावर काय राहतं?"

तेव्हा मला ते सुचलं. तोवर डोक्यात फक्त माती होती, अक्कांचे पाय होते. मी त्यांच्या ओट्याकडे पाहिलं. चाळणीत मेथी होती, पण बारीक, लांब देठांची, प्लास्टिकच्या डब्यातली, मोठ्या दुकानात मिळते तशी.

"ही कुठली मेथी?"

ताईंनी चाळणीवर ताट झाकलं.

"तुम्ही अण्णांची भाजी कधीपासून खात नाही?"

"अगं, आमच्या ह्यांचं पोट नाजूक..."

"आणि माझ्या पिशवीत घालायचात. ती कच्ची खाते हे तुम्हाला माहीत होतं. तुमच्याकडेच शिकली ती."

त्यांचा चेहरा त्या क्षणी खरोखर उतरला. मला वाटतं, हा विचार त्यांनी कधी स्वतःशी पुरा केलाच नव्हता. लोकांसमोर जुड्या उचलायच्या होत्या, आणि उचललेल्या कुठेतरी द्यायच्या होत्या. मी जवळ होते. "मी धुऊन द्यायला सांगत होते," त्या हळूच म्हणाल्या. तसं त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं.

आदल्या वर्षी मुलीला टायफॉइड झाला होता. तीन आठवडे. रोज संध्याकाळी ताई पेज घेऊन यायच्या, तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवायच्या. तो ताप त्या मेथीनंच आला असं मी म्हणू शकत नाही. शाळेच्या बाहेरची पाणीपुरी असेल, आणखी काही असेल. पुराव्याशिवाय बोलायचं नाही, हे माझं कामच आहे. पण त्या पट्ट्या ठेवताना ताईंच्या मनात ते एकदाही आलं नसेल का, हे मात्र मी आजपर्यंत विचारू शकलेले नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांकडे गेले. अक्का घरी आल्या होत्या, खाटेवर, पायांना पट्ट्या. मी सगळं सांगितलं. ब्लोअर, मीठ, टँकर, बाटली. सांगून झाल्यावर ते आत गेले आणि प्लास्टिकची फाइल घेऊन आले. माझे सगळे अहवाल त्यात क्रमानं लावलेले होते. ताई त्यांना दर महिन्याला प्रत द्यायच्या. शिवाजीनगरच्या बाजारात कुणी विचारलं, नाल्याची भाजी आहे का, तर ते ती फाइल दाखवायचे.

"इथं काय लिहिलंय?" त्यांनी खालच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. कदाचित ते बोट सहज तिथे पडलं असेल.

मी वाचून दाखवली. मग मराठीत सांगितली. नमुना ग्राहकाने आणून दिलेला आहे.

"म्हणजे?"

"म्हणजे... बाटली कुणी भरली त्याची जबाबदारी आमची नाही."

"मग सही कशाची?"

"बाटलीतल्या पाण्याची, अण्णा."

त्यांनी फाइल मिटली. रागावतील, शिव्या देतील, असं मला वाटत होतं, आणि खरं तर मला ते हवं होतं. ते म्हणाले, "ती बाई परकी हाय. तिनं केलं, ठीक हाय. तू म्हणालीस, बिघडलं तर मी येऊन सांगंन. मीच तीनदा बोलावलं तुला."

मला फसवलं गेलं होतं, हे खरं. पण त्या अंगणात उभी राहून ते सांगायला तोंड नव्हतं. अक्कांनी खाटेवर भिंतीकडे कूस बदलली.

असोसिएशनच्या मीटिंगमध्ये मी माझे नवे आकडे मांडले. हॉल भरलेला होता. लोक खवळले, पण कशावरून, तर आम्ही दीड वर्ष काय खाल्लं यावरून. कुणी पोटदुखी आठवली, कुणी रक्त तपासायचं म्हणालं. शेताबद्दल बोलायला मी दोनदा हात वर केला. ताई उठल्या आणि शांतपणे इंग्रजीत म्हणाल्या, "अहवालांवर सही यांचीच आहे. मी केमिस्ट नाही." माझ्याशी त्या पहिल्यांदाच सगळ्यांसमोर इंग्रजीत बोलल्या. ऑपरेटरला काढून टाकायचं ठरलं. रविवारचं टेबल बंद. आणि कुणावर काही येऊ नये म्हणून भिंतीतला पाइप ताबडतोब बंद करायचा. एकानं विचारलं, मग त्या शेतकऱ्याचं काय? अध्यक्ष म्हणाले, तो त्यांचा खाजगी प्रश्न आहे, आपण करार केला नव्हता.

म्हणजे अण्णांच्या वाट्याला आधी वाईट पाणी आलं आणि नंतर तेही गेलं.

मी त्यांच्या मातीचे नमुने घेतले. शेतीच्या एका जुन्या प्राध्यापकांना दाखवले. त्यांनी जिप्सम टाकायला, चर काढायला आणि पावसाचं गोडं पाणी शेतात उभं करून खाली जिरवायला सांगितलं. मी पोती नेऊन दिली. अण्णांनी घेतली, पसरली. दोन पावसाळे लागतील, कदाचित तीन. एका तुकड्यावर त्यांनी आता लॉनचं गवत लावलंय. ते मिठाला टिकतं आणि ते कुणी खात नाही. त्याच्या चौकोनी लाद्या कापून नव्या अपार्टमेंटांना जातात. अक्कांचे पाय बरे झाले, डाग राहिले. मी गेले की अण्णा खुर्ची देतात, चहा विचारतात. माझ्याशी कन्नडमध्ये बोलतात आणि मला मॅडम म्हणतात.

ताईंनी वर्षअखेरीस तब्येतीचं कारण देऊन पद सोडलं. मुलगी अजून कधी कधी विचारते, मावशीकडे का जायचं नाही? मी सांगितलं, आमचं कामावरून वाजलं. ती आता मोठी झालीय, खोटं तिला कळतं. प्रयोगशाळेत मी मालकांना सांगून टाकलं की शेतीला जाणाऱ्या पाण्याचा नमुना मी स्वतः घेतल्याशिवाय सही करणार नाही. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण मान्य केलं. तसे नमुने आता फारसे येत नाहीत.

नवा ब्लोअर आला म्हणतात. मी प्रदूषण मंडळाकडे तक्रार केली होती, नुसती पोच मिळाली. पाणी मात्र रोज निघतंच, आणि पाइप बंद असल्यामुळे ते आता कुठे जातं हे कुणी विचारत नाही. मला माहीत आहे. गेल्या महिन्यात एका रविवारी मी नाल्याच्या कडेनं चालत खाली गेले, दोन किलोमीटर असेल. तिथे एक बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून मुळे धूत होती. धुतलेले मुळे पांढरेशुभ्र, काठावर रचलेले, टेंपोची वाट बघत. मी बाटली काढली, वाकून पाणी भरलं. तिनं विचारलं, काय करताय? मी म्हणाले, तपासते. हे पाणी चांगलं नाही, यात भाजी धुऊ नका, पायांनाही लावू नका.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बाटलीकडे. "चांगलं कुठंय?" तिनं विचारलं. चिडून नव्हे, तिला खरंच पत्ता हवा होता.

मला सांगता आला नाही. टेंपोचा हॉर्न वाजला आणि ती उरलेले मुळे भराभरा बुडवू लागली.